समुद्राचा सामू मोजायचा, पण सुरुवात नर्मदेच्या नळापासून

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भरलेली एक लिटरची प्लास्टिकची बाटली. दोन रात्री बसच्या डिकीत आणि एक दिवस आमच्या व्हरांड्यात काढून ती शेवटी इंदूरच्या टेबलावर आली. सामू म्हणजे पीएच मोजणाऱ्या मीटरची कांडी तिच्यात बुडवली, आकडा आला ७.६. सहलीत आमच्याबरोबर असलेल्या अकरावीतल्या मुलाने निकाल जाहीर करून टाकला, "सर, समुद्र आम्ल झाला!"

समुद्राला काही झाले नव्हते. बाटलीतले सूक्ष्मजीव तीन दिवस श्वसन करत होते, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाकणाखाली कोंडला होता, आणि आम्ही मोजला तो डिकीतला समुद्र. शिवाय ७.६ म्हणजे आम्ल नव्हेच. ७ च्या खाली गेल्याशिवाय तो शब्द वापरता येत नाही. समुद्राचे आम्लीकरण म्हणतात ते त्या दिशेने सरकण्याला. मुलाचे काही चुकले नाही. बाटली मी भरली होती, प्लास्टिकची निवडली होती मी आणि उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली होती तीही माझीच.

इंदूरच्या मराठी घरांतून वर्षा-दोन वर्षांनी गोव्याची नाहीतर कोकणाची वारी होतेच. हल्ली मुलांकडे खिशात मावणारे पेनसारखे सामू-मीटर असतात आणि प्रकल्पाची वही भरायची असते. ती भरायचीच, तर त्यातल्या आकड्याला काही किंमत यावी एवढ्यासाठी हा लेख.

आधी प्रश्न किती बारीक आहे ते पाहू. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग समुद्र पितो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. या काळात समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला. एवढ्याशा फरकाने काय होते, असे वाटेल. पण १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी हे मोजमाप आखले ते लॉगरिदमच्या पट्टीवर. त्यामुळे सामू ०.१ ने उतरला की हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. फरक मोठाच आहे. मात्र बाजारातल्या स्वस्त पेन-मीटरची स्वतःची चूकच ०.१ ची असते. म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांत जेवढे घडले तेवढे तर तुमचे यंत्र नुसते डुलते.

समुद्राच्या आम्लीकरणावर नजर ठेवणाऱ्या जागतिक जाळ्याने मोजमापाचे दोन दर्जे ठरवले आहेत, एक 'हवामाना'चा आणि एक 'हवे'चा. दशकांमधला बदल पकडायचा तर सामूतली अनिश्चितता ०.००३ च्या आत हवी. किनाऱ्यावरचा आजचा-उद्याचा चढउतार पाहायचा तर ०.०२ पुरते. पहिला दर्जा मोठ्या प्रयोगशाळांचा. दुसराही पेन-मीटरच्या आवाक्याबाहेर असतो. चांगला टेबलावरचा मीटर आणि सावध हात असेल तर त्याच्या जवळपास जाता येते. तेव्हा गोव्याला जाऊन 'जागतिक आम्लीकरण' मोजून येऊ, हा विचार डोक्यातून काढून टाका. मोजता येते ते वेगळेच आहे, आणि मला तेच जास्त रंजक वाटते. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटी, नदी, सांडपाणी आणि ऊन मिळून पाण्याचा सामू दिवसभरात कधी कधी ०.१ हून कितीतरी जास्त हलवतात. हे हलणे साध्या साधनांनी दिसते.

पुढे जाण्याआधी खास इंदूरकरांसाठी शब्दांची एक भानगड निस्तरतो. मराठी भूगोलात 'सागरजलाची क्षारता' म्हणजे पाण्यातले मीठ. आपल्याकडच्या हिंदी पुस्तकांत मिठाला 'लवणता' म्हणतात, आणि 'क्षारीयता' म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद. घरी मराठी, शाळेत हिंदी अशा मुलांच्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात जाऊन बसतात. म्हणून मी मिठाला सरळ खारेपणा म्हणतो आणि दुसरीला अल्कलिनिटी. सामू हा शब्द तर माती परीक्षण करून घेणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

ही अल्कलिनिटीच या सगळ्याची किल्ली आहे. ती समजायला समुद्र लागत नाही. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी, आरओचे पाणी, चार काचेचे पेले आणि एक स्ट्रॉ एवढ्यावर भागते. दोन पेल्यांत नर्मदेचे पाणी घ्या, सामू मोजा. त्यातल्या एकात स्ट्रॉने दोन-तीन मिनिटे फुंका. ओढायचे नाही, फुंकायचे. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. ८ च्या आसपासचा सामू भराभर उतरून ७ च्या आगेमागे येईल. आरओच्या पाण्यावर हेच केलेत तर तो ६ च्याही खाली घसरू शकतो, कारण त्याच्याकडे पचवायची ताकदच उरलेली नसते. आता खरी गंमत. फुंकलेल्या आणि न फुंकलेल्या नर्मदेच्या पाण्याची अल्कलिनिटी मोजा. दोन्ही आकडे सारखे येतील. कार्बन डायऑक्साइडने सामू पडतो, अल्कलिनिटी हलत नाही. मग त्याच पाण्याच्या तिसऱ्या पेल्यात लिंबाचे काही थेंब पिळा. आता दोन्ही उतरतात. चौथ्यात चिमूटभर खायचा सोडा घाला, अल्कलिनिटी चढते. हे चार पेले ज्याने एकदा करून पाहिले, त्याला एकट्या सामूचा आकडा पुन्हा कधी पुरेसा वाटणार नाही. सामू उतरलेला दिसला तर तो हवेतल्या वायूमुळे, नदीच्या मऊ पाण्यामुळे की कुणी सोडलेल्या आम्लामुळे, हे दुसरे माप घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

अल्कलिनिटी मोजायची रीत जुनी आहे आणि कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमते. ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करा, भट्टीत वाळवलेल्या शुद्ध सोडियम कार्बोनेटने त्याची खरी तीव्रता ठरवून घ्या. ५० मिलिलिटर पाणी मोजून घ्या, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि मिथाइल रेडचे मिश्र सूचक घाला आणि ब्युरेटमधून आम्ल सोडत राहा. हिरवट निळा रंग जाऊन फिक्कट गुलाबीकडे वळला की थांबा. मीटरवर तेव्हा ४.५ च्या जवळपास आकडा दिसतो. समुद्राच्या पाण्याला सुमारे पावणेसहा मिलिलिटर आम्ल लागते. त्याला ०.०२ ने आणि ५०,००० ने गुणून ५० ने भागले की उत्तर येते लिटरला सुमारे ११५ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. प्रत्येक नमुना तीनदा करा. तीन वाचने ०.१ मिलिलिटरच्या आत जुळली नाहीत तर आधी आपला हात तपासा, मग समुद्र. ब्युरेट नसेल तर मत्स्यालयवाल्यांकडे मिळणारा थेंब मोजण्याचा संच चालतो. त्यात बहुधा एका थेंबाला एक जर्मन अंश धरतात, म्हणजे जवळजवळ १८ मिलिग्रॅम. ही पायरी फारच मोठी. दुप्पट पाणी घेतले की ती निम्मी होते.

नर्मदेच्या पाण्याचे माप घ्याल तेव्हा चकित व्हाल. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, नर्मदेत त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आतबाहेर. पण अल्कलिनिटीत आपल्या नळाचे पाणी समुद्राच्या बरोबरीला बसते, कधी थोडे वरच. याचे कारण आपल्या पायाखाली आहे. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, काळ्या मातीत त्याला आणखी मिळतो, त्याचे सौम्य आम्ल दख्खनच्या काळ्या पाषाणाला झिजवते आणि पाण्यात बायकार्बोनेट उतरते. जलूदला त्यातले थोडे पाणी पंपाने उचलून सत्तर किलोमीटरवर आपल्याकडे येते, बाकीची नर्मदा भरूचवरून खंबातच्या आखातात जाते. म्हणजे माळव्याचा खडक समुद्राला त्याची पचनशक्ती थोडी थोडी पुरवत असतो, अर्थात भूगर्भाच्या संथ चालीने. आणि गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर नि तिसऱ्यांचे शिंपले ही रसायनशास्त्रात सख्खी भावंडे आहेत, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट.

आता मीटर. ७.०० आणि १०.०१ अशा दोन ताज्या बफर द्रावणांनी तो रोज सकाळी जुळवायचा. कांडी पुसायची नाही. टिश्यूने फक्त टिपायची. ठेवायची पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, डिस्टिल्ड पाण्यात कधीच नाही. समुद्राच्या पाण्यात बुडवल्यावर आकडा स्थिरावायला वेळ लागतो; म्हणून पहिला नमुना मोजण्याआधी कांडी दहा-पंधरा मिनिटे तिथल्याच पाण्यात मुरू द्या. ही बफर द्रावणे गोड्या पाण्याची असतात. शोधनिबंधांतला सामू सहसा 'टोटल' मापपट्टीवर असतो, त्यासाठी कृत्रिम समुद्रजलात बनवलेला ट्रिस बफर वापरतात, नाहीतर मेटा-क्रेसॉल पर्पलचा रंग ५७८ आणि ४३४ नॅनोमीटरला यंत्रावर मोजतात. या दोन पट्ट्यांत ०.१ हून थोडा जास्त फरक पडतो. तेव्हा तुमचा ८.२ आणि निबंधातला ८.०५ शेजारी मांडून समुद्र 'सुधारला' असे लिहू नका. तुमचा आकडा तुमच्याच आकड्याशी ताडायचा, आणि कोणत्या बफरने मीटर जुळवला ते वहीत लिहायचे.

तापमानात तर भले भले घसरतात. समुद्राचे पाणी एक अंशाने गार झाले की त्याचा सामू सुमारे ०.०१५ ने चढतो. मीटरवर 'स्वयंचलित तापमान दुरुस्ती' असे छापलेले असते, पण ती दुरुस्ती कांडीपुरती असते, पाण्यात घडणाऱ्या रसायनाची नव्हे. २९ अंशांचे पाणी हॉटेलच्या एसी खोलीत २२ वर आले की आकडा ०.१ ने वर. औद्योगिक क्रांतीपासूनची सगळी घट एका दुपारच्या झोपेत भरून निघाली! म्हणून सामू काठावरच मोजायचा, बाटली सावलीत धरून, आणि त्याच क्षणी थर्मामीटर वाचायचा. ज्यांच्याकडे विरघळलेल्या ऑक्सिजनचा मीटर आहे त्यांनी तो इंदूरला जुळवून तसाच नेऊ नये. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. तिथे उतरल्यावर पुन्हा जुळवा.

नमुना घेण्याची रीत साधी वाटते, चुकते मात्र हमखास. बाटली काचेची, घट्ट झाकणाची. बादलीतून नरसाळ्याने ओतायचे नाही; रबरी नळी थेट बाटलीच्या तळाशी सोडा, पाणी खालून वर चढू द्या आणि बाटलीभर पाणी बाहेर वाहून गेले की नळी हळूच काढा. बुडबुडा दिसला की ओता आणि परत भरा. व्यावसायिक संशोधक यानंतर जीव मारण्यासाठी मर्क्युरिक क्लोराइडचे काही थेंब घालतात. ते जहाल विष आहे, शाळेच्या सहलीत त्याचे काम नाही. आपल्याला त्याची गरजही नाही, कारण वर पाहिलेला स्ट्रॉचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. वायू आत-बाहेर झाला तरी अल्कलिनिटी हलत नाही. तेव्हा गाळून, काठोकाठ भरून, गार ठेवलेली बाटली आठवड्याभरात इंदूरला आणून ब्युरेटखाली ठेवली तर चालते. सामू प्रवास करत नाही, अल्कलिनिटी करते. डिकीतली बाटली मी सामूऐवजी या कामाला वापरली असती तर ती सहल वाया गेली नसती.

मोजायचे कुठे? पणजीला उतरलात तर मांडवी तुमच्यासाठी आखून ठेवलेली प्रयोगपट्टी आहे. मिरामार, पणजीचा फेरीचा धक्का, रायबंदरचा धक्का, जुने गोवे येथून दिवाडीला जाणाऱ्या फेरीचा धक्का, ही चारही ठिकाणे रस्त्याला लागून आहेत आणि एका सकाळी होतात. प्रत्येक ठिकाणी तापमान, सामू, कोळंबी-संवर्धकांकडे असतो तसल्या रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा, आणि अल्कलिनिटीसाठी एक बाटली. घरी आल्यावर आलेखकागदावर आडव्या अक्षावर खारेपणा आणि उभ्यावर अल्कलिनिटी मांडा. बिंदू एका सरळ रेषेत आले तर नदी आणि समुद्र नुसते मिसळत आहेत. एखादा बिंदू रेषेवरून ढळला तर तिथे आणखी काहीतरी घडते आहे, किंवा तुमचे मोजमाप चुकले आहे. पहिली शक्यता दुसरीनंतर तपासावी. मे महिन्यात खारे पाणी नदीत खूप आतपर्यंत जाते, जुलैत पुराचे गोडे पाणी जवळजवळ मुखाशी येते. गोव्याच्या नद्या जांभ्याच्या मुलखातून येतात, त्यांचे पाणी नर्मदेसारखे जड नाही. म्हणून पावसाळ्यात तिथल्या खाडीची अल्कलिनिटी झपकन खाली येते.

वेळ लिहिली नाही तर सगळे फुकट. पहाटे, सूर्य उगवण्याआधी, सामू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर फक्त श्वसन चाललेले असते. दुपारनंतर शेवाळ-प्लवकांनी कार्बन डायऑक्साइड खाल्लेला असतो, सामू चढतो. त्यावर भरती-ओहोटीची दुसरी लय. मुंबईकडची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात, अष्टमीला सहा वाजता. ढोबळ हिशेब म्हणून तो सुरेख आहे. गोव्यात मात्र मुरगावचा छापील तक्ता पाहावा. उधाण आहे की भांग, तेही टिपून ठेवा. एकच जागा निवडून पहाटे आणि दुपारी तीन वाजता, सलग चार दिवस मोजणे हे चाळीस जागी एकेकदा मोजण्यापेक्षा चांगले, असे माझे ठाम मत आहे. मुलांना चाळीस जागा आवडतात.

पावसाळ्यानंतर गेलात तर काठावरून न दिसणारी एक गोष्ट ध्यानात असू द्या. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. तिथल्या संशोधकांनी कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात, पंचवीस-तीस मीटर खोलीच्या एका ठाण्यावर, वर्षानुवर्षे फेऱ्या करून नोंदी ठेवल्या आहेत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातले, ऑक्सिजन कमी असलेले पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत वर चढते. वर पावसाच्या गोड्या पाण्याची पातळ साय बसलेली असते, त्यामुळे खालच्या थराला हवा लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. सय्यद वाजिह नकवी आणि सहकाऱ्यांनी हे चित्र २००० मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. जिथे ऑक्सिजन खर्च होतो तिथे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू पडतो. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर हवेतून येणारे आम्लीकरण कोऱ्या पाटीवर पडत नाही. दर पावसाळ्यात तळाशी आधीच सामू उतरलेला असतो, त्यात ते भर घालते. माशांना पळता येते. कालवे, तिसऱ्या, शिनाण्या पळू शकत नाहीत.

अशा मोजण्याने कुणाचे पोट वाचते का, असे विचारणाऱ्यांना अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरच्या व्हिस्की क्रीक या कालव-बीज केंद्राची हकीकत सांगावी. २००७-०८ च्या सुमारास तिथली कालवांची पिल्ले टाक्यांत मरू लागली. आधी रोगजंतूंवर संशय गेला. पाण्याचे कार्बोनेट रसायन मोजल्यावर कळले की वारा विशिष्ट दिशेने वाहिला की खोल समुद्रातले कमी सामूचे पाणी उपसागरात येते आणि पिल्लांना पहिले कवच बांधता येत नाही. त्यांनी टाक्या दुपारी, सामू चढल्यावर, भरायला सुरुवात केली आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मापून घालू लागले. केंद्र वाचले.

कवच बांधता येते की नाही हे सांगणारा आकडा म्हणजे अ‍ॅरागोनाइटची संपृक्तता. १ च्या खाली ती गेली की शिंपला विरघळू लागतो. उष्ण कटिबंधातल्या खुल्या पृष्ठभागावर ती साधारण साडेतीन-चार असते. ती थेट मोजत नाहीत, काढतात. सामू, अल्कलिनिटी, पाण्यात विरघळलेला एकूण कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब या चारांपैकी कोणतीही दोन मापे, जोडीला तापमान आणि खारेपणा, एवढे दिले की 'सीओटू-सिस' हा फुकट मिळणारा, एक्सेलमध्येही चालणारा कार्यक्रम बाकीचे काढून देतो. त्यात अल्कलिनिटी किलोमागे मायक्रोमोलमध्ये भरायची असते: मिलिग्रॅमच्या आकड्याला २० ने गुणा आणि समुद्राच्या पाण्यासाठी १.०२ ने भागा. सामूची मापपट्टी विचारली जाईल तेव्हा गोड्या पाण्याच्या बफरवाल्यांनी 'एनबीएस' निवडायची. येणारे उत्तर दशांशाच्या चार घरांपर्यंत दिसेल; त्यातले एकच घर लिहा.

वहीचे रकाने आमच्याकडे असे आहेत: तारीख, तिथी, वेळ, जागा, भरती की ओहोटी, आभाळ, तापमान, खारेपणा, सामू, बफरची बाटली कधी उघडली, अल्कलिनिटीची तीन वाचने, आणि मोजणाऱ्याची सही. गेल्या सहलीत चौथ्या दिवशी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर बफर सांडला. मीटर चालू होता, आकडाही दाखवत होता. त्या ओळीत सामूच्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारली आहे.